पोराला चुलीपुढं धरू नका

॥ सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं ॥

वरची वस्ती, म्हसवड
ता. १ सप्टेंबर १९९८

चि. मंगल हिला भामाबाई आजीचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. इकडं आम्ही सगळी खुशाल आहोत. तुझी खुशाली पत्रावरून कळली, पण पत्रात तुझ्यापेक्षा उंदरांचीच खुशाली जास्त होती.

हे पत्र आक्काताई लिहितेय, तुझी भावजय. सातवी पास असल्याचं ती मला दिवसातून एकदा तरी सांगते. मी 'हाय' म्हणाले की ती 'आहे' लिहिते, 'न्हाई' म्हणाले की 'नाही'. माझं तोंड धुऊन, पावडर लावून कागदावर ठेवते. तेव्हा आजी एकाएकी शहाणी झाली असं तुला वाटलं, तर तसं काही झालेलं नाही.

तुझं पत्र तिनं मला तीन वेळा वाचून दाखवलं. पंचवीस वर्षांची घोडी झालीस, लग्नाचं नाव काढलं की कामाचं निमित्त सांगतेस, आणि काम काय, तर मुंबईत बसून उंदरं पाळायची. आपल्या घरात उंदरं वाटेल तेवढी आहेत, मला कुणी मोठ्या दवाखान्यात खुर्ची दिली नाही.

तुझा भाऊ दादासो म्हणाला, आजे, तुला काय कळणार त्यातलं. मी म्हणाले, बाबा, मेंढरं तू राखलीस का मी? आता ऐक, आणि मला बरोबर कळलंय का सांग. माणसाचं अंग म्हणजे मेंढरांचा कळप. कळप वाढला पाहिजे, पण कुणीतरी 'बास' म्हणणारा पाहिजे, नाहीतर एकाच मेंढराची शंभर होतील आणि बाकीच्यांचा चारा खाऊन टाकतील. त्या बास म्हणणाऱ्याला तू जनुक म्हणतेस. आणि तो एकटा नसतो, त्याला भाऊ असतात.

आपल्या वाघरीला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीला, एकाच कुत्रीची दोन पिल्लं राखणीला होती. तू तेव्हा झाली नव्हतीस. थोरला भुंकायचा. धाकला नुसता पडून असायचा. तुझे आजोबा म्हणायचे, हे फुकटची भाकरी खातंय. मग थोरल्याला लांडग्यानं नेलं, आणि धाकला इतके दिवस पलीकडच्या अंगाला पडून काय करत होता ते आम्हाला कळलं. तुझ्या उंदरांचं तेच झालं की. धाकला भाऊ काढून टाकला तर पिल्लू ठणठणीत. थोरला मुळातूनच काढला तर पिल्लू जन्मालाच येत नाही, पोटातच त्याचं रक्त नीट धरत नाही. आणि नुसत्या डोळ्यातला थोरला गेला तर धाकला निभावून नेतो. दोघेही गेले की मग डोळ्यात गाठ.

एवढं वाचून झालं तेव्हा मी आक्काताईला म्हणाले, ते डोळ्याचं पुन्हा वाच. तिनं वाचलं. अंगात इतक्या जागा असताना हे डोळ्याचंच तुझ्या डोक्यात कुणी घातलं गं?

असो. पाऊस पडला तसा पडला. मटकी बरी आहे. तुझा बाप धुळा खोकतो आणि बिडी सोडत नाही. त्याला एका डोळ्यानं दिसतं, पण तेवढ्या एका डोळ्यात सगळ्या वस्तीच्या चुका मावतात. तुझी आई असती तर तिनं त्याला धाकात ठेवलं असतं. माझं तो ऐकत नाही, कारण मी त्याची आई आहे.

दादासोचा मल्हार दहा महिन्यांचा झाला. दोन दात आलेत आणि त्या दोन दातांनी तो माझी बोटं चावतो. हसरा आहे. येणारेजाणारे म्हणतात, पोराच्या डोळ्यात तेज आहे. लोकांना काय, बोलायला लागतं. मी घरात सांगून ठेवलंय की तिन्हीसांजेला पोराला चुलीपुढं धरू नका. धूर लागतो.

त्याचं जावळ मार्गशीर्षात, रथाच्या यात्रेला, देवाच्या दारात काढायचं ठरलंय. त्याच्या मामाला सांगावा गेला, भावकीला सांगणं झालं. आपल्यात जावळ झाल्याशिवाय पोराच्या अंगाला लोखंड लावत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळं केस डोळ्यांवर येतात. येऊ देत. बरंच आहे.

आणखी एक, सहज विचारते. तुझ्या त्या उंदरांचे डोळे उजेडात चमकतात का? मला काही काम नाही त्याचं. म्हातारीचा वेळ जात नाही.

जपून राहा. उंदरांना हात लावलास की हात धुऊन जेव.

तुझी आजी,
भामाबाई

वन्सं, ह्या खालच्या चार ओळी माझ्या मनाच्या आहेत, आजींना वाचून दाखवणार नाही. आजी हल्ली मल्हारच्या डाव्या डोळ्यात इतकं काजळ भरतात की अर्धा गाल काळा होतो. कंदीलसुद्धा त्याच्यापासून लांब ठेवायला लावतात. मी विचारलं तर धूर म्हणतात. कंदिलाला कुठला धूर? तुम्हाला काही माहीत असेल तर कळवा. आक्काताई.


॥ सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं ॥

म्हसवड
ता. १२ सप्टेंबर १९९८

चि. मंगल हिला आजीचा आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. दचकू नकोस, मी आहे अजून. हे पत्र बालवाडीच्या नीलिमाबाई लिहितायत, बुद्धविहाराच्या मागं राहतात त्या. घरी मी सांगून आले की पोरासाठी बालवाडीतला आटा आणायला जाते. या वयात घरातून खोटं सांगून बाहेर पडायचं म्हणजे मजाच आहे. तरणी असताना जमलं नाही.

आक्काताईच्या हातून हे लिहून घेता येत नव्हतं. ती मल्हारची आई आहे. नीलिमाबाईंनी शब्द दिलाय की हाताला येईल ते लिहीन, पण कानानं ऐकणार नाही. आता ऐक.

तुझ्या बापाच्या आधी मला एक मुलगा झाला होता. बिराप्पा त्याचं नाव. घरात कुणी त्याचं नाव घेत नाही, कारण मी घेऊ दिलं नाही. सध्या पितरांचा पंधरवडा चालू आहे, पण एवढ्याशा पोराला कुणी पितर म्हणत नाही, म्हणून त्याला घासही नसतो.

तो वर्षाचा असताना मी त्याला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसले होते. त्यानं वर बघितलं आणि त्याच्या उजव्या डोळ्यात आतून उजेड आला. मांजराच्या डोळ्यात येतो तसा. मी सासूला हाक मारली, सासूनं सासऱ्याला. सासरे म्हणाले, हा देवाचा डोळा आहे, आपल्या घराण्यात देव बघायला आलाय. आठ दिवसांत गावोगावची धनगरं यायला लागली. पोराच्या पायावर भंडारा टाकायची, नारळ ठेवायची. यात्रेत त्याला घोड्यावर बसवलं आणि ढोलाच्या पुढं नेलं.

आता जे सांगते ते नीलिमाबाईंनी मान खाली घालून लिहावं. मंगल, मला ते आवडत होतं. मी अठरा-एकोणीस वर्षांची, सासरच्या घरात शेवटचं ताट माझं. त्या पोरामुळं बायका मला पाट द्यायला लागल्या. माझी सासू मला 'बिराप्पाची आई' म्हणायला लागली. त्याआधी ती मला कशानंच हाक मारत नव्हती.

त्याच यात्रेत मिरजेच्या एका गोऱ्या डॉक्टरानं तंबू टाकला होता. मराठी आपल्यापेक्षा साफ बोलायचा. घोड्यावरचं पोर बघून तो स्वतः तंबूतून बाहेर आला, त्यानं बॅटरीनं डोळा बघितला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, हा डोळा मला द्या आणि पोरगं तुम्ही घेऊन जा. उशीर केला तर दोन्ही जातील."

मी म्हणाले, "देवाचा डोळा तुला कसा देऊ?"

मागं बायका उभ्या होत्या त्या हसल्या. चांगलं बोललीस म्हणाल्या. मलाही वाटलं, चांगलं बोलले.

पुढच्या चैत्रात तो गेला. डोळा कसा झाला होता ते सांगत नाही. सासरे म्हणत होते, देव वाढतोय. मग म्हणेनासे झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी तुझा बाप झाला. त्याच्याही डोळ्यात ते दिसलं. पण ह्यावेळी मी कुणाला हाक मारली नाही. त्याच्या डोळ्याला फडकं बांधलं, बाभळीचा काटा लागला म्हणून सगळ्यांना सांगितलं, आणि वर्षभर त्याला उजेडात काढलं नाही. त्याचा डोळा दुखला, लाल झाला, आणि मग आपोआप आत बसत गेला, वाळल्या बोरासारखा. पोर वाचलं. तू लहानपणापासून ऐकत आलीस तो काटा मी रचलाय. त्या बाभळीला तुझा बाप अजून शिव्या देतो.

म्हणून माझ्या मनात बसलं की दाखवलं तो गेला आणि झाकलं तो वाचला. आता मल्हारच्या डाव्या डोळ्यात तेच आहे. मला गेल्या आठवड्यात दिसलं. मी काजळ भरते, चुलीपासून लांब ठेवते, आणि वाट बघते की तुझ्या बापासारखा त्याचाही डोळा आत बसेल.

मला फक्त एवढं कळव. तुझ्या उंदरांत कधी असं आपोआप सुकलंय का? थोरला गेला तरी धाकला भाऊ मागून येऊन बास म्हणतो असं तू लिहिलंस. तुझ्या बापाच्या डोळ्यात तसंच झालं असेल का? आणि मल्हारच्या डोळ्यात तो यायला किती दिवस लागतील?

कान बंद ठेवणाऱ्या नीलिमाबाईंनी इथं पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "भामाआजी, एक दाखवून गेला, एक झाकून वाचला. तिसऱ्याला काय होईल ते बघत बसणार व्हय?" मी म्हणाले, मास्तरीणबाई, लिहायचं ठरलंय, बोलायचं नाही. त्या म्हणाल्या, मग बाजारात जाऊन फोन करा, पत्राला चार दिवस लागतात. पण फोनवर मला चटकन खोटं बोलता येतं. हो आहे, बरं आहे, ठेव आता. पत्र सांगताना समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसत असतं, तिथं अडकायला होतं.

आणि समजा तू म्हणालीस की न्या, तरी कसं नेणार? डॉक्टर सुरी लावणार. जावळ व्हायला अजून दोन महिने आहेत. धुळा आणि दादासो देवाच्या आधी लोखंड लावू देणार नाहीत. त्यांना हे असं मीच शिकवलंय.

उत्तर नीलिमाबाईंच्या पत्त्यावर धाड.

आजी


॥ सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं ॥

मिरज
ता. ३ ऑक्टोबर १९९८

चि. मंगल हिला आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असशील. आक्काताईच लिहितेय. आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलोय, मल्हार तिच्या मांडीवर झोपलाय आणि वही माझ्या गुडघ्यावर आहे, म्हणून ओळी वाकड्या आल्यात. तिला आता सगळं ठाऊक झालंय. निदान तिला तसं वाटतं.

मी तुला नीलिमाबाईंच्या पत्त्यावर उत्तर धाड म्हणाले होते, आणि तू दादासोच्या नावानं तार केलीस. तारवाला आला तेव्हा तुझ्या बापानं आधी टोपी काढली आणि मग विचारलं, कोण गेलं? दादासोनं वाचलं. मल्हारला आजच मिरजेला न्या, डोळ्याचा आजार आहे, थांबू नका. सगळे आधी तारेकडं बघत होते, मग माझ्याकडं. मी शेंगा निवडत होते ती निवडत राहिले.

दोन दिवसांनी तुझं मोठं पत्र आलं ते नीलिमाबाई स्वतः घेऊन आल्या आणि अंगणात उभं राहून सगळ्यांदेखत त्यांनी ते वाचलं. त्यांनी तेवढं तरी करायला नको होतं. नाही, करायला हवं होतं. तू लिहिलंस की उंदराच्या डोळ्यात धाकला भाऊ निभावतो, पण माणसाच्या डोळ्यात थोरला गेला तर धाकल्याचा आवाज पुरत नाही. थोरला माणसाला दोन जागांवरून मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून, आणि घराण्यातून एक मोडकाच आला तर दुसऱ्या एकट्यावर सगळी भिस्त. एक ओळ त्यांनी अंगणात गाळली आणि नंतर मला एकटीला वाचली, की तुझ्या बापाचा डोळा कशानं सुकला ते सांगता येत नाही, शंभरात एखाद्याचा सुकतो, त्यावर पोर टांगू नका.

दादासो तरीही म्हणाला, रथ होऊ द्या. मामाला सांगावा गेलाय, भावकी येणार आहे, आणि जावळाआधी पोराच्या अंगाला लोखंड लावलं तर देव काय म्हणेल? धुळानं मान हलवली. आक्काताई दाराआड उभी होती. पोराला तिनं इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

मी उठले. मेंढरांची लोकर काढायची कातर आढ्याला खोचलेली असते, ती काढली. आक्काताईच्या हातातून पोर घेतलं आणि अंगणात मांडी घालून बसले. मामाची मांडी नाही, देवाचं दार नाही, वाजंत्री तर नाहीच. दादासो ओरडला, "आजे, काय करतीयास?"

"देवाला मी एक पोरगं आधीच दिलंय," मी म्हणाले. "त्याला काय म्हणायचं आसंल ते मला म्हणू दे."

आणि कातरलं. साठ वर्षं मेंढरं कातरलेला हात आहे. मल्हारला वाटलं मी खेळतेय, तो हसत होता. डोळ्यांवरची झुलपं गेली आणि त्याचं तोंड उघडं पडलं, तेव्हा तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना भरदुपारी डावा डोळा दिसला. बाहुलीच्या जागी पांढरं. चुलीची गरजच उरली नव्हती. दादासो एस.टी.चं भाडं आणायला आत गेला. केस मी पदरात बांधून घेतले. एस.टी.त दादासो विट्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि सांगलीच्या स्टँडवर बोलला ते एवढंच की, चहा घेणार काय?

इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मल्हारला झोपवून दोन्ही डोळे बघितले आणि मग आम्हाला आत बोलावलं. कागद भरता भरता त्यांनी विचारलं, घराण्यात याआधी कुणाच्या डोळ्याला असं काही झालं होतं का? दादासो म्हणाला, नाही. वडलांच्या डोळ्यात लहानपणी काटा गेला होता, तेवढंच.

बाईंनी 'नाही' लिहायला पेन टेकलं. मी म्हणाले, "काटा नव्हता."

मंगल, दोन शब्दांना इतका वेळ लागू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मग सगळं सांगितलं, बिराप्पा, घोडा, गोरा डॉक्टर, फडकं. बाई लिहीत गेल्या. त्यांनी एकदाही तोंडानं चकचक केलं नाही, त्याबद्दल मी त्यांना आशीर्वाद दिला. तुझा बाप भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आपल्या बसलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं, जसं काही तो आजच सापडला. म्हणाला, "आये, त्या बाभळीच्या वाटंनं मी पन्नास वरसं गेलो न्हाई. लांबनं जातुया." मी म्हणाले, आता जा. दुसरं काय म्हणणार?

सहीच्या वेळी दादासो बाहेर निघून गेला. त्याला राग नव्हता, त्याला बघवत नव्हतं. कागदावर आक्काताईनं सही केली. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं, आणि पेन असं दाबलं की कागद फाटायचा राहिला. मी इतकी वर्षं तिच्या सातवीची थट्टा केली. हे ती लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी डावा डोळा काढला. गोऱ्या डॉक्टरानं मागितला होता तो डोळा आम्ही चौपन्न वर्षांनी दिला, आणि भलत्याच पोराचा दिला.

आता बातमी सांगते, बसून वाच. मल्हारच्या उजव्या डोळ्यातही मागच्या बाजूला राळ्याच्या दाण्याएवढे दोन ठिपके आहेत. ते तुमच्या मुंबईच्या दवाखान्यात जाळता येतात म्हणे, तो डोळा वाचू शकेल. शुक्रवारच्या गाडीनं आम्ही निघतोय. स्टेशनवर ये. दादासोला मुंबई कळत नाही आणि मला तर दारावरची पाटीही कळत नाही.

पण काढलेल्या डोळ्याचा तपास काल आला. डोळ्याला मागं देठ असतो, तो थेट डोक्यात जातो. गाठ त्या देठात शिरलीय. जिथं कापलं तिथपर्यंत पोचलीय का पुढं गेलीय, ते इथं नक्की कळेना, तुकडा लावलेल्या काचेच्या पट्ट्या तुमच्याकडं पाठवल्यात. औषधं चढवावी लागतील. ती पोराला लय जड जातात, आणि एवढं करून पोर राहील का, ह्यावर बाईंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. अक्षर येत नाही, पण तोंड मला वाचता येतं.

तुझ्या बापाचं रक्त घेतलं, दादासोचं घेतलं. तुझंही तपासायला सांगितलंय. तुझ्या बापाकडून तुला कुठला आलाय, धड का मोडका, हे आधी बघून घे, आणि मग लग्नाचं बघ. मी आता घाई करणार नाही. तू मुंबईत बसून उंदरांच्या डोळ्यांत जे हुडकत होतीस, ते तुझ्या बापाच्या तोंडावर होतं, आणि त्यावर मी फडकं टाकून बसले होते. तुला ते बारा वर्षांची असताना सांगितलं असतं तर मल्हार जन्मला त्याच आठवड्यात तू त्याचे डोळे बघायला लावले असतेस.

इथं पत्र संपवणार होते. आक्काताई म्हणाली, आजी, आणखी काही आहे का? आहे.

डॉक्टरीणबाईंनी तपास सांगितला तेव्हा दादासोनं विचारलं होतं की आम्ही उशीर केला का? त्या म्हणाल्या, आठ-पंधरा दिवसांनी फरक पडला नसता. दोन-अडीच महिने आधी आला असता तर देठ बहुतेक कोरा सापडला असता. सगळ्यांना तेवढ्यानं बरं वाटलं. आठ-पंधरा दिवसांचा दोष कुणावर येत नव्हता. तुला मी लिहिलं होतं की मला गेल्या आठवड्यात दिसलं. आक्काताईलाही मी तेच सांगितलंय.

मंगल, मला आषाढात दिसलं. आखाडाच्या तळणीच्या दिवशी. आक्काताई कापण्या तळत होती, पोर माझ्या मांडीवर होतं, जाळ मोठा झाला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याचं तोंड छातीशी वळवलं आणि तिला म्हणाले, तेल तापलंय, तुझ्या कामाकडं बघ.

इथं आक्काताईचं लिहिणं थांबलं होतं. मल्हार जागा झाला, तिनं त्याला घेतलं, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि तिकडं तोंड करून उभी राहिली. मला वाटलं ती आता येत नाही. मी वही मिटली. मला वही मिटता येते, तेवढं येतं.

मग ती आली. पोराला माझ्याकडं दिलं नाही, स्वतःच्या खांद्यावरच ठेवलं, आणि एका हातानं वही ओढून घेतली. म्हणाली, "पुढं सांगा."

पुढं काही नाही, म्हणाले. तिनं तेही लिहिलं.

शुक्रवारी स्टेशनवर ये. मला भेटायला येऊ नकोस, पोराला घ्यायला ये.

आषाढापासून गप्प बसलेली,
भामाबाई
(हा तिचा अंगठा. शाई आक्काताईनं लावली.)